होतंयरावांचा डावा कान

होतंयराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, गल्लीने ठेवलेलं. कुणीही वाटेत भेटलं आणि "काय सर, पुतळा कुठवर आला?" असं विचारलं की हे मान जराशी तिरकी करायचे, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, "होतंय." अकरा वर्षं हे एकच उत्तर. सुरुवातीला लोक खरोखर चौकशी करत, मग चौकशीची चेष्टा झाली आणि शेवटी चेष्टेचं नाव होऊन बसलं. पस्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला माणूस, म्हणून इस्त्रीवाला तोंडावर "सर" म्हणायचा आणि पाठ वळली की गिऱ्हाइकाला सांगायचा, "ते बघा, होतंयराव चालले." त्यांच्या कानावर हे गेलं नव्हतं असं नाही. पण मोठ्या कलावंतांना लोक नावं ठेवतातच, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती, आणि स्वतःची समजूत घालण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

आता पुतळा पुतळा म्हणजे होता काय, तर मातीचा एक चेहरा, खांद्यांपर्यंतचा, खुद्द त्यांच्या सासऱ्यांचा. सासरे चष्मेवाले होते. चाळीस वर्षं एका चिंचोळ्या दुकानात बसून त्यांनी दुसऱ्यांच्या डोळ्यांची सोय केली, आणि एक दिवस दुपारी काउंटरवर डोकं टेकलं ते उचललंच नाही. मागे फोटो राहिला एकच, दुकानाच्या परवान्यावरचा. त्यात ते जाड चष्मा लावून असे बसले होते, की सासूबाईंच्या शब्दांत सांगायचं तर, "चौकीत धरून आणल्यासारखे." सासूबाई तो फोटो भिंतीवर लावू देईनात. तेव्हा होतंयराव, अजून होतंयराव झाले नव्हते तेव्हा, भर बैठकीत उठून म्हणाले होते, "आई, वर्षाच्या आत तुम्हांला बाबांचा चेहरा करून देतो." बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याच्या तोंडून इतकं चांगलं वाक्य तिने त्याआधी ऐकलं नव्हतं. नंतरही नाही म्हणा.

आणि खोटं कशाला बोला, माणसाने सुरुवात झोकात केली. मागच्या खोलीत सळयांचा सांगाडा उभा केला, त्यावर माती चढवली, आणि चार महिने शाळेतून आला की थेट त्या खोलीत. कपाळ आलं, पातळ ओठ आले, हनुवटी आली. एकदा बायको चहा घेऊन गेली तेव्हा बराच वेळ बघून हळूच म्हणाली, "बाबांचं नाक असं नव्हतं हो." झालं. तिला समोर बसवून त्यांनी अर्धा तास सुनावलं. साम्य बघणं हे फोटोवाल्यांचं काम, शिल्पकार हाडांची रचना बघतो, नाक म्हणजे चेहऱ्याचा कणा, वगैरे. चहा गार झाला. तिने "बरं" म्हटलं आणि कप उचलले. नाकाबद्दल तिने पुन्हा शब्द काढला नाही.

राहता राहिला डावा कान. फोटोत सासऱ्यांनी मान किंचित वळवली होती, त्यामुळे डावा कान दिसतच नव्हता. उजव्यासारखाच करा की, असं कुणीही म्हणेल, बायकोही म्हणाली. पण जगात कुठल्याही माणसाचे दोन कान सारखे नसतात, आणि न बघितलेला कान अंदाजाने ठोकून द्यायला आपण काही बाहुल्या बनवत नाही, असं होतंयरावांचं म्हणणं पडलं. म्हणून काम थांबलं. जरा विचार करू, दोन दिवसांनी हात घालू, असं ठरलं. त्या दोन दिवसांची झाली अकरा वर्षं.

मातीच्या कामाचं एक असतं. ती ओली आहे तोवर काम जिवंत. वाळली की तडे जातात आणि मग सगळाच ग्रंथ आटोपतो. म्हणून काम थांबलं की तिच्यावर ओली फडकी गुंडाळायची, वरून प्लास्टिक, आणि सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी मारायचं. हे दोन-चार आठवड्यांपुरतं असतं. पुढे साचेवाला येतो, मातीवर प्लास्टरचा साचा घेतो, साच्यातून पक्का चेहरा निघतो, आणि माती परत भिजवायच्या टाकीत जाते. होतंयरावांच्या घरी मात्र पाणी मारणं हाच नेम होऊन बसला. तो पाळायची बायको. सकाळी फडकी सोडायची, पिळायची, ओल्या हाताने सगळा चेहरा पुसायचा, कुठे केसाएवढी चीर दिसली तर अंगठ्याने बुजवायची आणि परत गुंडाळून ठेवायचं. संध्याकाळी पुन्हा तेच. वास येऊ नये म्हणून पाण्यात औषधाचे दोन थेंब. चार दिवस कुठे जायचं झालं तर शेजारणीला किल्ली देऊन जायची. स्वतःच्या मुलीचं तोंड तिने जेवढ्या वेळा पुसलं नसेल तेवढ्या वेळा बापाचं पुसलं. होतंयरावांनी ते कधी बघितलं नाही, कारण सकाळी ते पेपर वाचत आणि संध्याकाळी पाय मोकळे करायला जात.

आणि काम का होत नव्हतं? तर व्यत्यय. हा त्यांचा आवडता शब्द. दुसरी माणसं जशी गुडघ्यांबद्दल बोलतात तसे हे व्यत्ययाबद्दल बोलायचे. हात मातीत घालावा तर बेल वाजते. कोरणी उचलावी तर फोन येतो. मन लागावं तर कुणीतरी आजारी पडतं. शाळा होती तेव्हा शाळा आड यायची. निवृत्त झाल्यावर तर श्वास घ्यायला फुरसत मिळेना. शेजारचे बँकवाले काका रोज सकाळी येऊन दोन तास ठाण मांडत, आणि होतंयराव त्यांच्यासमोर दोन तास बसून आपल्याला कसा वेळ मिळत नाही ते सांगत.

त्या वर्षी मात्र गोष्ट अंगाशी आली. मेहुण्याने लांबच्या गावी मोठं घर घेतलं आणि सासूबाईंना कायमचं तिकडे न्यायचं ठरवलं. वय पंच्याऐंशी, परत येणं होईल असं कुणी म्हणत नव्हतं, त्या स्वतः तर मुळीच नाही. जायच्या आदल्या रविवारी लेकीच्या घरी येते म्हणाल्या. फोनवर लेकीला म्हणाल्या, "जाताना एकदा त्यांचं तोंड बघून गेले असते गं. कान नसला तरी चालेल मला." बायकोने हा निरोप जसाच्या तसा नवऱ्याला सांगितला. रविवारला सहा दिवस होते. होतंयराव मान तिरकी करून म्हणाले, "होतंय."

नेमकी त्याच दिवशी दुपारी एका छोट्या मासिकातली बाई मुलाखतीला आली. गावातल्या विस्मरणात गेलेल्या कलावंतांवर ती काही लिहीत होती. विस्मरणात जायला आधी लोकांच्या स्मरणात असावं लागतं, हा मुद्दा तिने सौजन्याने काढला नाही. तिने एवढंच विचारलं, की इतका हात चांगला असून काम इतकं थोडं का. होतंयरावांची कळी खुलली. खुर्चीत मागे रेलून त्यांनी सुरुवात केली. पहिल्या वर्षीच कान हातात घेणार तोच बायकोचं पोटाचं ऑपरेशन निघालं. ते निस्तरतंय तोवर मुलीची बारावी. मग मुलीचं लग्न, त्यात एक अख्खं वर्ष पाण्यात. पुढे मुलगी बाळंतपणाला आली, घरात रडारड, एकाग्रता कशाला म्हणतात तेच विसरायला झालं. बाळ गेलं ते चौथ्या दिवशी. मग दोन महिने मुलगी रडत होती आणि मुलीची आई तिच्याजवळ बसून होती, चहासुद्धा वेळेवर मिळेना. त्यानंतर बायकोचा हात मोडला. "एकामागून एक व्यत्यय," होतंयराव म्हणाले. "नाहीतर आज मी कुठे असतो सांगू?"

मासिकातली बाई लिहायची थांबली होती. ती होतंयरावांच्या खांद्यावरून दाराकडे बघत होती. दारात बायको चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने पुढे येऊन कप मांडले, साखर पुरेशी आहे का विचारलं, आणि आत निघून गेली. आवाज चढला नाही, भांडं आपटलं नाही. होतंयरावांना त्यात वावगं काही दिसलं नाही. चहा बाकी त्या दिवशी वेळेवर मिळाला होता.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजले तरी मागच्या खोलीची कडी वाजली नाही. पेपर वाचून संपला, कोडंसुद्धा सुटलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी विचारलं, आज पाणी मारायचं राहिलं का. बायको पोळ्या लाटत होती. "नाही मारलं," ती म्हणाली. "यापुढे मी तुमच्या कामात मधे येणार नाही." त्यांना वाटलं, गंमत करते आहे. पण तिने पुढचंही सांगितलं, पोळी उलटत. रविवारी सकाळी ती आईला आणायला जाणार आहे. येताना साचेवाल्याला घेऊन येईल, त्याच्याशी बोलणं झालंय. तोवर घरात कुठलाही व्यत्यय येणार नाही याची जबाबदारी तिची. कान करा, नका करू, रविवारी साचा घेतला जाईल.

आणि तिने जबाबदारी घेतली म्हणजे घेतली. दाराच्या बेलची वायर काढून ठेवली. दोघांचे फोन तिच्या पिशवीत. फाटकावर पुठ्ठा लावला: "काम चालू आहे, रविवारनंतर यावे." गल्लीने तो पुठ्ठा दोनदोनदा वाचला. बँकवाले काका दुपारी चष्मा काढून, पुसून, पुन्हा वाचून घरी गेले. जेवणाचं ताट खोलीच्या दाराशी यायचं आणि ठेवणारी पावलं न बोलता परत जायची. मुलीचा फोन आला तर ती अंगणात जाऊन बोलायची. गेल्या पस्तीस वर्षांत त्या घरात इतकी शांतता कुणी ऐकली नसेल, आणि होतंयरावांच्या अंगावर काटा आला.

मंगळवारी त्यांनी स्वतः पाणी मारलं. अर्धं मातीवर, अर्धं चपलांवर. बुधवारी कोरण्या धुतल्या, पुसल्या, लहानमोठ्या लावून ठेवल्या, मग उलट्या क्रमाने लावल्या. स्टूल डुगडुगतं म्हणून त्याच्या पायाखाली पुठ्ठा घातला, मग ते दुसऱ्या बाजूने डुगडुगलं. दर तासाला बाहेर येऊन विचारायचे, कुणी आलं होतं का? नाही. फोन? नाही. गॅसवाला यायचा होता ना? तो सोमवारी येईल, सांगून ठेवलंय. "एवढं तोडून नसतं वागायचं लोकांशी," ते जरा चिडून म्हणाले आणि परत आत गेले.

गुरुवारी राहवेना, तेव्हा ते स्वतःच व्यत्यय शोधायला बाहेर पडले. इस्त्रीवाल्यापाशी जाऊन उभे राहिले, उकाड्याबद्दल बोलले. एरवी हा माणूस एका सदऱ्याला तासभर गप्पा मारायचा. आज त्याने इस्त्री खाली ठेवून हात जोडले. सर, तुम्ही कामात आहात, बाईंनी निक्षून सांगितलंय, माझ्यामुळे खोळंबा नको. बँकवाले काका समोरून येत होते ते रस्ता ओलांडून पलीकडे झाले आणि तिकडून लांबूनच हात हलवून "चालू द्या" अशी खूण करते झाले. औषधवाल्याने गोळ्या दिल्या आणि सुटे नाहीत हेसुद्धा म्हणाला नाही. सगळी गल्ली फितूर झाली होती. होतंयराव वीस मिनिटांत घरी आले आणि कडी लावून बसले.

शनिवारी दुपारी जेवण झालं. कोरण्या लावलेल्या होत्या, स्टूल हलत नव्हतं, वामकुक्षीसुद्धा होऊन गेली होती. करण्यासारखं पृथ्वीतलावर दुसरं काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी मातीचा गोळा घेतला आणि डावा कान केला. भिंतीवरच्या घड्याळात बघून सांगायचं तर चाळीस मिनिटं लागली. कानही असा झाला, की उजव्यासारखाच, फक्त जरा पुढे आलेला. अकरा वर्षं आणि चाळीस मिनिटं. त्यांनी पटकन फडकं टाकलं आणि कुणाला काही सांगितलं नाही.

रविवारी सकाळी बायको रिक्षाने आईकडे गेली. घर रिकामं. होतंयरावांनी फडकी सोडली, चेहरा खिडकीकडे फिरवला आणि दोन पावलं मागे सरून बघितलं. झालं होतं. काही म्हणता काही बाकी नव्हतं. त्यांनी सगळीकडून फिरून बघितलं, खाली वाकून बघितलं, आणि मग त्यांना घाम फुटला.

कारण आता लोक बघणार होते. बघून काय म्हणणार? "छान आहे." फार तर "छान आहे हो सर." मग तो चेहरा मेहुण्याच्या दिवाणखान्यात कपाटावर जाणार, आठवड्यातून एकदा कुणीतरी त्याच्यावरून फडकं फिरवणार, आणि विषय संपला. अकरा वर्षं हा चेहरा गावातला सगळ्यात मोठा पुतळा होता, कारण तो कुणी बघितला नव्हता. तो झाकलेला होता तोवर त्याच्या आत काय काय होतं. उघडला की आत एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर होता, ज्याने सासऱ्याचा बरा चेहरा केला. होतंयरावांना भीती वाटली, अगदी लहान मुलाला वाटते तशी, आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती.

मग त्यांना वाटलं, नाक जरा... नाकाच्या बाजूला सावली बरोबर पडत नाही. त्यांनी तारेची कोरणी घेतली. म्हटलं, एक पापुद्रा काढू. एक काढला, तर दुसरी बाजू जड दिसायला लागली. तिकडचाही काढला, तर शेंडा पुढे आला. शेंडा उतरवला. मग मुळातच घेर चुकलाय असं स्पष्ट झालं. पाच मिनिटांत सासऱ्यांच्या डोळ्यांच्या आणि ओठांच्या मधे सपाट जागा होती, आणि पाटावर मातीचं एक लांबट ढेकूळ. होतंयरावांनी मोठा श्वास सोडला. कितीतरी दिवसांनी त्यांना मोकळं वाटलं. "होतंय," ते स्वतःशीच म्हणाले.

फाटक वाजलं. बायकोने आईला बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, आणि साचेवाल्याला घेऊन मागे आली. साचेवाला उतारवयाचा, खांद्यावर प्लास्टरची पिशवी, हातात बादली. उंबऱ्यातच तो थबकला. त्याने चेहऱ्याकडे बघितलं, पाटावरच्या ढेकळाकडे बघितलं, आणि मग नम्रपणे आपल्या बादलीत बघायला लागला. होतंयरावांनी तोंड उघडलं ते थांबेचनात. नाक मुळातच चुकलं होतं. एवढी वर्षं डोळ्यांसमोर असून लक्षात येत नव्हतं. आज आलं, हे नशीबच म्हणायचं. चुकीचं काम घराबाहेर कसं जाऊ द्यायचं? एक महिना दे. महिन्यात नाही झालं तर नाव सांगणार नाही.

बायको बापाच्या तोंडाकडे बघत होती. तिचा चेहरा पार पांढरा पडला होता. त्यांना वाटलं ती रडेल, आणि रडली असती तर फार सोयीचं झालं असतं. तिला बसवावं लागलं असतं, पाणी द्यावं लागलं असतं, सकाळ निघून गेली असती.

"नाक चुकलं होतं, ते मला माहीत आहे," ती म्हणाली. मग तिने बाह्या वर सारल्या. "तुम्ही बाहेर आईशी बोलत बसा. तिला इकडे येऊ देऊ नका. मी बोलवेन."

होतंयराव गेले. हे लिहितानाही माझी मान खाली जाते, पण गेले, आणि पाय ओढत नव्हे, चांगले झपाझप गेले. बाहेर कुणीतरी बसलेलं होतं, त्याच्याशी बोलायचं होतं, बोलायला बायकोनेच पाठवलं होतं. इतका रीतसर व्यत्यय त्यांच्या आयुष्यात आला नव्हता. सासूबाईंसमोर बसून त्यांनी कलेतल्या अडचणी सांगायला घेतल्या. सासूबाई पर्स मांडीवर घेऊन ऐकत होत्या. अधूनमधून "हो का" म्हणत होत्या. मागच्या खोलीतून हात पाण्यात बुडवल्याचा आवाज येत होता, पुन्हा शांतता, पुन्हा पाणी. साचेवाल्याचा आवाज एकदाच आला, "बास बाई, आता हात लावू नका." होतंयराव माती आणि ऋतुमान यांच्या संबंधावर आले होते तेवढ्यात बायकोने दारातून हाक मारली. वीस मिनिटंसुद्धा झाली नसतील.

सासूबाई लेकीच्या खांद्यावर हात ठेवून आत गेल्या. होतंयराव मागोमाग गेले आणि दाराशीच थांबले.

चेहऱ्यावर नाक होतं. त्यांनी केलं होतं तसं सरळ, कोरीव, वर्गात फळ्यावर काढून दाखवावं तसलं नाही. वरून जाडसर, खाली किंचित उजवीकडे कललेलं, अंगठ्याचे ठसे नीट पुसलेलेही नव्हते. आणि डोळ्यांच्या मधे, नाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक खोलगट खूण होती, नखाएवढी. चाळीस वर्षं जाड चष्मा लावला की पडते ती. होतंयराव बघत राहिले. अकरा वर्षांत त्यांनी ती खूण केली नव्हती. फोटोत ती चष्म्याखाली झाकलेली होती आणि कुणाला विचारावं असं त्यांच्या मनात आलं नव्हतं. विचारण्याजोगं माणूस रोज दोनदा त्याच खोलीत असायचं.

सासूबाई अगदी जवळ गेल्या. त्यांनी पर्स उघडली, आतून जुनी डबी काढली, डबीतून चष्मा काढला. त्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. साचेवाला "आजी, माती ओली आहे," असं काहीतरी म्हणायला गेला आणि गप्प बसला. त्यांनी दोन्ही हातांनी चष्मा धरला, एक काडी उजव्या कानावर, दुसरी कालच झालेल्या डाव्या कानावर टेकवली आणि हात सोडले. चष्मा नाकावर बसला. जरासुद्धा घसरला नाही.

"आले," सासूबाई म्हणाल्या.

मग डोळे पुसत सांगू लागल्या, कुणाला तरी, बहुतेक साचेवाल्याला, की दुकानातून घरी आले की पहिल्यांदा चष्मा काढायचे, आणि ही एवढीशी असताना त्यांच्या मांडीवर चढून नाकावरच्या त्या खड्ड्यांना तेल चोळायची. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. मग त्या वळल्या.

"बाकी सगळं चांगलं आहेच हो. पण नाक काय केलंयत, जावईबापू. अगदी तेच."

साचेवाल्याला बादलीत पुन्हा बघण्यासारखं काही सापडलं. बायको कोपऱ्यात उभी राहून हात पुसत होती. मनगटापर्यंत माती होती. तिने नवऱ्याकडे बघितलं. रागाने नाही, नुसतं बघितलं, काय म्हणतोय ते ऐकायला. होतंयरावांना लाज वाटली, खरी लाज वाटली, कानाच्या पाळ्या तापल्या. एक वाक्य बोलायचं होतं, चार शब्दांचं. ते ओठांपर्यंत आलंही होतं.

"नाकालाच वेळ लागला," होतंयराव म्हणाले.

सासूबाईंनी समाधानाने मान हलवली. बायकोने चष्मा अलगद काढून आईच्या हातात दिला आणि साचेवाल्याला म्हणाली, "घाला प्लास्टर." झारीत थोडं पाणी उरलं होतं. ते तिने त्याच्या बादलीत ओतलं, आणि रिकामी झारी बाहेर नेऊन कुंड्यांपाशी ठेवून आली.